परक्या वळणाचा हात

सौमित्रने सोलकढीची वाटी खाली ठेवली आणि उजवा हात हवेत झटकला. मनगट किंचित वर उचललं, मग कोपराच्या दिशेने एक छोटा हिसका. हाताला काही लागलेलं नव्हतं. डास नव्हता, माशी नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"काय काय?"

"हात झटकलास."

"मी? छे!" असं म्हणून त्याने पुढचा घास घेतला, आणि पुन्हा झटकला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाचे सगळे चाळे मला तोंडपाठ आहेत. विचार करताना तो कानाची पाळी ओढतो. खोटं बोलताना चष्मा पुसतो. हा हिसका त्यांत कधीच नव्हता. तो त्याने कुणाकडून उचलला, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच मी हातातला घास खाली ठेवला.

उचलला होता अनंत शेणवी वाघळकरांकडून. पोर्तुगीज सरकारचे दुभाषी. गृहस्थांना जाऊन दोन शतकं उलटून गेली होती.

हसायचं तर हसा. एखादी सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या, चार लोकांत तमाशा करता आला असता. मेलेल्या दुभाष्यावर जळणाऱ्या बाईने कुणाच्या दारात जाऊन बोंब मारायची?

आम्ही दोघंही पणजीत, मांडवीच्या काठावरच्या जुन्या दप्तरखान्यात नोकरीला. पोर्तुगीजांचं राज्य एके काळी मोझांबिकपासून मकावपर्यंत पसरलं होतं आणि त्या राज्याला लिहून ठेवण्याचं भारी वेड. गलबतं बुडाली, किल्ले पडले, गव्हर्नर आले आणि गेले, कागद राहिले. चामड्याच्या बांधणीतले पोर्तुगीज ग्रंथ एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद. गोव्याच्या गव्हर्नरला सावंतवाडीला, कोल्हापूरला, पुण्याला काही कळवायचं असलं की तो पोर्तुगीजमध्ये बोलायचा. दुभाषी त्याचं मराठी करायचा, मोडीत पत्र लिहायचा आणि त्याची एक नक्कल दप्तरात ठेवायचा. नकलेच्या खाली दुभाष्याने स्वतःच्या हाताने 'रुजू' असं घालायचं. रुजू म्हणजे तपासलं, बरोबर आहे.

अनंत शेणवींच्या नकलांचे रुमालच्या रुमाल आमच्याकडे आहेत. पण ते वाचायला कुणी उरलं नव्हतं. संगणकाला छापील मोडी येते. घाईच्या, लपेटीच्या, अर्धी अक्षरं गिळलेल्या मोडीपुढे तोही हात टेकतो. त्यात मोडीची शाई काजळाची. ती कागदावर नुसती बसते आणि दमट हवेत पोपडा धरून उडून जाते.

शाई उडाली तरी चर राहतो. शाळेत आपण वहीच्या कोऱ्या पानावर पेन्सिल आडवी घासून आधीच्या पानावरची अक्षरं उठवायचो, तसंच. बोरूच्या टोकाने कागदाचे तंतू दाबले जातात, एका बाजूला कलतात. आमचं यंत्र कागदावर तिरका प्रकाश सोडून हे चर मोजतं. चर किती खोल, यावरून जोर कळतो. तंतू कुठे कलले, यावरून दिशा. रेघ कुठे रुंद झाली, यावरून वेग. बाकीच्या लिप्यांत हात सारखा उचलला जातो आणि हवेत तो कुठे गेला ते कळत नाही. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावरची रेघ ओढतात आणि मग हात जवळपास न उचलता तिला अक्षरं लटकवत जातात. एक ओळ म्हणजे हाताचा एक सलग प्रवास, आणि ओळीच्या शेवटीही बोरू टेकलेलाच राहिल्यामुळे मनगटाचा बारीकसा धक्काही चरात उतरतो. त्यावरून संगणक बोटं, मनगट, कोपर, सगळ्या हाताची हालचाल उभी करतो.

आणि ती हालचाल दुसऱ्याच्या हातात घालता येते. त्यासाठी एक बाही आहे, बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत येणारी. तिच्यातून स्नायूंना अगदी हलके विजेचे चिमटे बसतात. बाही चढवायची, बोरू धरायचा आणि हात सैल सोडायचा. दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस तुमच्या हाताने लिहायला लागतो. डोळ्याला न लागलेलं अक्षर हाताला लागतं. लहान मूल गिरवून शिकतं तसा वाचक त्या माणसाचं अक्षर गिरवून शिकतो. या सगळ्या खटाटोपाला आम्ही नाव दिलं 'वळण'.

नाव ठेवताना कुणी विचार केला नाही की वळण लागतं. कुठल्याही हाताला, कुठल्याही वयात.

सौमित्र आमचा वाचक. वेंगुर्ल्याजवळचा परुळ्याचा, मोडीचा खुळा. रोज सकाळी तो बाही चढवायचा आणि मी काचेपलीकडून बघायची. माझं काम निवडण्याचं. तांदळातून खडे निवडावेत तसं यंत्राच्या मोजणीतून मी कचरा निवडून काढते: कागदाची सुरकुती, वाळवीची वाट, टेबलाचा हादरा. जे राहतं तो निव्वळ हात. म्हणजे सौमित्रच्या हातात दुसऱ्याचा हात रोज सकाळी मीच निवडून, पाखडून द्यायची, आणि मग काचेआड बसून जळायची.

तो डोळे मिटून लिहायचा. बोरूची कुरकुर ऐकू यायची. चेहऱ्यावर असं काही समाधान की तसं मी त्याला पुरणपोळी वाढतानाही कधी पाहिलेलं नाही.

"काय माणूस आहे, शर्वरी," तो घरी येऊन सांगायचा. "राग आला की अक्षर बारीक होतं. आणि गव्हर्नरचा उद्धटपणा मराठी करताना निम्मा गाळून टाकतो. भांडणं कितीतरी मिटवली असतील या हाताने!"

"आपलं भांडण मिटवायला बोलाव की मग त्यांना."

"आपलं कुठे भांडण आहे?"

तेच तर. भांडण असतं तर बरं झालं असतं. फ्रिजवर माझ्यासाठी तो चिठ्ठ्या लावायचा, त्यांतलं अक्षर बदललं. 'दूध', 'गॅसवाला', 'उशीर होईल', सगळ्या शब्दांवर आधी लांबलचक रेघ आणि तिला लटकवलेली अक्षरं. 'उशीर'चा 'र' असा काही शेपटी वळवून बसलेला असायचा की मी ती चिठ्ठी फाडून टाकली.

एका रविवारी दुपारी मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. तो माझ्या केसांतून बोटं फिरवत होता. ही त्याची लग्नाआधीपासूनची सवय, आणि खरं सांगायचं तर लग्न करण्याचं माझं निम्मं कारण. कपाळापासून सुरुवात, मानेपर्यंत. मानेशी हात पोचला, मनगट वर झालं आणि हिसका. पुन्हा कपाळापासून मानेपर्यंत. पुन्हा हिसका.

मी ताडकन उठून बसले.

"काय झालं?"

"केस ओढले गेले."

केस ओढले गेले नव्हते. माझ्या केसांतून तो ओळी लिहीत होता. मला माझा हात परत हवा होता. त्याचा हात म्हणजे माझाच की! तो परका करून देणारं यंत्र मांडवीत बुडवावं असं मला वाटलं.

"हा हिसका कशाचा रे, तुझ्या अनंतरावांचा?" मी संध्याकाळी विचारलं. विचारताना आवाज सरळ ठेवला.

"ओळीच्या शेवटचा ना? मला वाटतं अंगरख्याची बाही. लांब असणार, सारखी पुढे येत असणार. ती मागे सारायची." हे सांगताना त्याने चष्मा पुसला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी रजा टाकून घरी होते. विळीवर नारळ खवत बसले होते. घरी मी काचेच्या बांगड्या घालते, हिरव्या, सैल मापाच्या. प्रकाशयंत्राला एवढासाही हादरा चालत नाही, म्हणून दप्तरखान्यात जाताना त्या काढून डबीत ठेवाव्या लागतात. काढता-घालता याव्यात म्हणून सैल. आईला हे मुळीच पसंत नाही. बेळगावहून फोनवर तिचा चेहरा दिसला की पहिलं वाक्य ठरलेलं: "हात असे ओके, उघडे का तुझे?"

खवता खवता बांगड्या घसरून पंजावर आल्या. मी मनगट उचललं, कोपराकडे हिसका दिला. किण्ण. बांगड्या वर गेल्या. पुन्हा खवायला लागले, पुन्हा घसरल्या, पुन्हा हिसका.

हातातली कवड तशीच राहिली.

बाई! अंगरख्याची बाही वगैरे काही नाही. ओळ लिहिता लिहिता बांगड्या घसरून कागदावर येतात आणि ओळ संपली की त्या वर साराव्या लागतात. मी जन्मभर करत आले होते आणि रोज त्याच हालचालीला काचेआडून शिव्या देत होते. संगणकाने काढलेलं पंजाचं मापही मला आठवलं. 'लहान चणीचा पुरुष' अशी नोंद मीच केली होती.

सरकारने आपल्याला कारकून दिला नाही, अशी अनंत शेणवींची कुरकुर पोर्तुगीज कागदांत आहे. म्हणजे घरातच कुणीतरी लिहीत होतं. म्हणजे बायको.

म्हणजे सवतच निघाली की! चांगली हाताला हात लावून रोज सकाळी बसणारी.

मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. एका साम्राज्याची पत्रं एक बाई घरात बसून लिहीत होती, हे ओरडून सांगण्यासारखंच होतं. सौमित्र तर नाचलाच असता. आणि मला नेमकं तेच नको होतं. 'अनंतराव असे, अनंतराव तसे' मी कसंबसं गिळत होते; उद्यापासून तो 'ती' म्हणेल. ती इथे थांबते. तिला हा शब्द आवडत नाही. ती रागावली की बारीक लिहिते. जेवताना, झोपताना, चहा पिताना ती. इतक्या मोठ्या मनाची मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यायच्या आत मी ओळीच्या शेवटचा हिसका निवडला आणि त्याला खूण केली: कचरा. एवढं सांगितलं की संगणक तसली हालचाल सगळ्या कागदांतून काढून टाकतो. मूळ मोजणी तशीच राहते, पण ती उघडायची मुभा फक्त मला. अनंत शेणवींच्या नावाखालची सगळी पत्रं क्षणात स्वच्छ झाली. मला फार बरं वाटलं.

सौमित्रने बाही चढवली, ओळ लिहिली, दुसरी लिहिली आणि बोरू खाली ठेवला.

"आज काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला. "हात लिहितोय, पण आत माणूस नाही. शर्वरी, तू काही काढलंस का?"

"कचरा होता. यंत्राचा हादरा."

खोटं बोलताना मी काय करते ते त्याला ठाऊक असणार.

"ओळीच्या शेवटचा?"

"हो."

"हादरा नाही तो. हादरा असता तर सगळीकडे सारखा असता." तो कानाची पाळी ओढत होता. "पहिल्या रुमालांत हिसका दिला की मनगटावर मागून काहीतरी येऊन टेकतं. बारीक धक्का बसतो. मी आता जो रुमाल वाचतोय ना, शेवटचा, त्यात हिसका आहे पण येऊन टेकत काहीच नाही. हात काहीतरी वर सारायला जातो आणि तिथे काही नसतंच. गेले कित्येक दिवस मी तेच लिहितोय. कसंतरीच वाटतं ते लिहिताना."

"बघते," म्हणाले आणि आत गेले.

मूळ मोजणी उघडून सगळी पत्रं मितीवार लावली. आश्विनापर्यंत प्रत्येक ओळीच्या शेवटी हिसका, आणि हिसक्यामागून बांगड्यांच्या वजनाचा तो बारीक धक्का. मग पत्रं नाहीत. कार्तिक नाही, मार्गशीर्ष नाही, पौष नाही. माघात पुन्हा पत्रं सुरू. तोच हात, तेच अक्षर, खाली तसंच 'रुजू'. हिसका होता. धक्का नव्हता. पुढे हिसकाही हलका होत गेला, एखाद्या ओळीला विसरायला लागला आणि शेवटच्या कागदांत राहिलाच नाही.

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फुटणं हा शब्द एकाच प्रसंगासाठी राखून ठेवलेला असतो. आश्विन आणि माघाच्या मध्ये कधीतरी वाघळकरांच्या घरात तो प्रसंग आला होता. अनंत शेणवी गेले होते. आणि गव्हर्नरच्या दप्तरात त्यांची पत्रं येतच राहिली होती.

तिने हे का केलं असेल, भीतीने की हट्टाने, ते कागदावर उमटत नाही. उमटलं होतं ते एवढंच: ओळ संपली की हात सवयीने वर जायचा आणि ओकाच परत यायचा. सौमित्र कित्येक दिवस तेच गिरवत होता. माझ्या ताटासमोर, माझ्या केसांत जो हिसका यायचा तो हाच. माझ्या धडधाकट नवऱ्याच्या हाताला विधवेचं वळण लागलं होतं.

माझं जळणं तिथल्या तिथे विझलं असं मी म्हणणार नाही. उलट मला तिचा रागच आला. स्वतःचं दुःख नेऊन ठेवायला तिला माझ्याच नवऱ्याचा हात सापडला? पण रागावता रागावता हेही दिसत होतं की जगात तिचं म्हणून एवढं एकच उरलं होतं, आणि मी त्याला कचरा म्हणून खूण केली होती.

ती खूण मी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी बांगड्या घालून दप्तरखान्यात गेले. आमच्या संचालिका, डॉक्टर फिलोमेना, दारातच उभ्या होत्या. मराठी त्यांना उत्तम येतं, पण रागावल्या की कोकणीच तोंडात येते.

"गो शर्वरी! कांकणां? हांगा?"

"आजचा दिवस, मॅडम. तुम्हीही आत या."

मी आजवर कधीच बाही घातली नव्हती. त्या दिवशी घातली. बांगड्या कोपराकडे सारून बाहीचा खालचा भाग बांधला, मग बांगड्या त्याच्यावरून मनगटाशी सोडल्या आणि वरचा पट्टा ओढून घेतला. सौमित्र हाताची घडी घालून बघत होता. मी श्रावणातलं एक पत्र लावलं, सावंतवाडीच्या गलबताच्या तंट्याचं, आणि हात सैल सोडला.

डोक्यावरची रेघ ओढली गेली. मग अक्षरं. काय सांगू, फार सुरेख हात होता मेलीचा. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. बांगड्या हळूहळू कागदाकडे घसरत आल्या. ओळ संपली, मनगट वर झालं आणि हिसका.

किण्ण.

दुसरी ओळ. किण्ण. प्रत्येक वेळी नेमका तिथेच, जणू मापून. सौमित्रने चष्मा काढला. पुसला मात्र नाही, नुसता हातात धरून राहिला.

"बायल," फिलोमेना मॅडम पुटपुटल्या. "बायल गो ही! बाई!"

"पुरुषही कडी घालायचे," सौमित्र म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"घालायचे. मग आता माघातलं पत्र लिहू."

मी बाही उतरवून त्याच्यापुढे धरली. "ते तू लिही. ते पत्र बांगड्या घालून लिहिता येणार नाही, आणि त्या पत्रासाठी मी माझ्या काढणार नाही."

त्याला काय समजायचं ते समजलं. त्याने बाही चढवली. ओळ लिहून झाली, मनगट वर झालं आणि उघड्या हाताचा तो हिसका आम्ही तिघांनी पाहिला. कसलाही आवाज झाला नाही. फिलोमेना मॅडमनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"थांब, थांब," सौमित्र एकदम म्हणाला. "रुजू बघू. दोन्हीकडचं."

मी पडद्यावर दोन्ही 'रुजू' शेजारी शेजारी लावली. आश्विनाआधीची अक्षरं थरथरलेली, वेडीवाकडी. 'कागद हलला असावा' अशी माझीच नोंद. कागद कसला हलतोय! अनंत शेणवींचा हात कापत होता. म्हणून तर बायको लिहीत होती आणि ते खाली दोन अक्षरांपुरता हात लावत होते. माघानंतरचं 'रुजू'ही थरथरलेलं, पण त्याची थरथर एकसारखी, मोजून मारल्यासारखी. मुद्दाम गिरवलेली.

"त्याचा कंप उतरवलाय तिने," सौमित्र म्हणाला. "नवरा गेल्यावरही त्याचा हात कापता ठेवला. ती..." आणि तो थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

ती. मला ज्याची धास्ती होती तो शब्द आला आणि ठरल्याप्रमाणे काळजात कळ उठली.

पुढे सगळं व्हायचं तसं झालं. सौमित्रचा निबंध गाजला, लिस्बनहून माणसं आली, त्यांनी माझ्या बांगड्यांचे फोटो काढले. तिचं नाव मात्र एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या एकाही कागदावर सापडलं नाही. आम्ही आपसात तिला 'वाघळकरीण' म्हणायचो. सौमित्रने बाही घालणं थांबवलं; दुसरे वाचक तयार झाले, त्यांना प्रत्येकी थोडे थोडेच कागद द्यायचं ठरलं.

हिसका तेवढा गेला नाही. डॉक्टर म्हणाले, लागलेलं वळण आहे, त्रास नाही ना, मग राहू द्या. त्रास त्याला नव्हताच. समोर बसून जेवणारी मी. रोज रात्री ताटावरून तो हात वर जायचा, काहीतरी शोधायचा आणि रिकामा खाली यायचा. माझा नवरा माझ्यासमोर जिवंत बसलेला आणि त्याच्याच हातात त्याचं सुतक. मला ते बघवेना. जळणं परवडलं असतं.

एका शुक्रवारी मी त्याला म्हापशाच्या बाजारात घेऊन गेले. बांगड्यांच्या ओळीत एक म्हातारी बसते, तिच्यापुढे जाऊन बसलो.

"कोणाक गो?" तिने विचारलं.

"सवतीला."

तिचा हात पेटीतच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, सौमित्रकडे पाहिलं.

"आणि हात खंय तिचो?"

"हा," मी म्हटलं आणि सौमित्रचा उजवा हात तिच्या पुढ्यात ठेवला.

मी त्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची जरूर पडली नाही. त्याने शर्टाची बाही दुमडली.

"काय हो," शेजारचा मिरच्यांवाला दात काढत म्हणाला, "हातात बांगड्या भरल्या काय?"

"भरतोय," सौमित्र म्हणाला. "मोठ्यातल्या मोठ्या मापाच्या बघा, आजी."

म्हातारीने पुढे काही विचारलं नाही. तिने त्याच्या हाताला साबणाचं पाणी लावलं, अंगठा तळव्यात दाबला, पंजा असा काही चुरगळला की तो कळवळला. हिरवी बांगडी बोटांच्या हाडांशी अडली. आता वाढणार, असं मला वाटलं. म्हातारीने पंजाची बाजू हलकेच फिरवली आणि बांगडी सरकन मनगटावर गेली. मग तिच्या जोडीला दुसरी. बांगड्या भरल्यावर बायका करतात तसा सौमित्रने तिला वाकून नमस्कार केला.

त्या रात्री त्याने सोलकढीची वाटी खाली ठेवली, हात उचलला आणि झटकला.

किण्ण.

बांगड्या वर गेल्या, मनगटावर येऊन टेकल्या. आम्ही दोघंही घास हातात धरून थांबलो. मग तो जेवायला लागला आणि मीही.

आताशा दुपारी मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवते तेव्हा त्याचा हात कपाळापासून मानेपर्यंत येतो आणि मानेशी आला की वाजतो. माझ्याच केसांत दुसरीची ओळ पुरी होते. मला अजूनही जळजळतं, खोटं कशाला बोलू? पण मी उठून बसत नाही.

काच आहे, एखाद्या दिवशी वाढेल. वाढली की त्याच शुक्रवारी म्हापशाला जाऊन दुसरी भरून आणायची. सवत असली म्हणून काय झालं, माझ्या घरात तिचा हात ओका राहायचा नाही.